चार बोटं खाली

अहो, ती फळी मी चार बोटं खाली बसवली नव्हती.

हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही सुचायचं नाही. तुम्ही खाटेवरून विचारलंत, "किती बोटां?" आणि मी तोंड वर करून सांगितलं, "चार." साफ खोटं. एक बोटसुद्धा खाली घेतली नव्हती. सात महिने ती फळी तुमच्या डोळ्यासमोर होती, मांजर तिच्यावर बसत होती, आणि मी मनात म्हणत होते, बघा, माझ्या उंचीवर काय अडलं? कबूल करेन कधीतरी, भांडण जुनं झालं की हसत हसत सांगेन, असं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, नंदा तिच्या घरी चेंबूरला गेली, पाव्हणेरावळे गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, फार शांत माणूस होता हो. शांत! सत्तावीस वर्षं या शांत माणसाशी मी रोज भांडले, ते काय भिंतीशी? तुम्ही बोलायचा कमी, हे खरं. पण हट्ट करायला माणसाला बोलावं कुठे लागतं? "मी सांगतंय ना" एवढ्या तीन शब्दांवर तुम्ही अख्खा संसार चालवलात. का, कशासाठी, ते विचारायचं नाही. स्वयंपाकघरातली मांडणी एवढी उंच का? मी सांगतंय ना. दार आतल्या बाजूला का उघडतं? मी सांगतंय ना. आणि मेलं दर वेळी तुमचंच बरोबर निघायचं, म्हणून तर जास्त राग यायचा.

मांजर आणली कोणी, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही म्हणायचा मी आणली, मी म्हणते तुम्ही. खरं म्हणजे ती कोणीच आणली नाही. गेल्या श्रावणात तुमच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात ती जिन्यातून आत शिरली आणि खाटेखाली जाऊन बसली. मी झाडू घेतला तर तुम्ही डावा हात वर केलात. तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता तेव्हा, पण हात असा केलात की मुलुंड स्टेशनावरची गाडीसुद्धा थांबली असती. मी म्हटलं, राहू दे बाई, तुमचं करायचं आहेच, त्यात आणखी एक.

नाव तुम्हीच ठेवलंत. काम करणाऱ्यांकडे बघत बसायचं आणि स्वतः काडी इकडची तिकडे करायची नाही, म्हणून मुकादमीण. मिलच्या सुतारखात्यात बावीस वर्षं काढलीत, मुकादम कसा बसतो ते तुम्हाला माहीत. मी भांडी घासायची, मुकादमीण बघायची. मी तुमचं अंग पुसायची, मुकादमीण बघायची. तुम्ही अर्ध्या तोंडाने हसायचा. आजारपणानंतरचं तुमचं पहिलं हसू त्या मांजरीने काढलं, मी नाही. हे मला लागलं होतं. आता सांगायला काय जातंय.

मग ती तळमजल्यावरच्या वैद्यबाईंच्या घरी साय खाऊन आली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तर सायीचं भांडंच पालथं. वैद्यबाई जिन्यात उभ्या राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा बोलल्या, "पुन्हा दिसली ना, तर पोत्यात घालून कांजूरच्या कचऱ्यावर सोडायला लावीन. मग बोलायचं नाही!" बाई बोलतात ते करतात. तुम्ही वरून सगळं ऐकलंत. मी दारात आले तेव्हा म्हणालात, "भायर सोडू नको तिका." झालं. त्या दिवसापासून दार बंद.

दार बंद ठेवायला तुमचं काय जातं? दिवसभर ती दाराशी रडायची, तुम्ही आडवे, आणि मी भांडुपला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. समोरच्या पेडणेकर काकू दुपारपासून मी येईपर्यंत तुमच्याजवळ बसायच्या, त्यांनी चार दिवसांत हात टेकले. म्हणाल्या, एक तर हिला बाहेर सोड नाहीतर मला. खिडकीच्या गजांना धरून ती वर चढायची, पण बसणार कुठे? चौकटीची पट्टी जेमतेम तीन बोटं रुंद. दोन मिनिटं लटकायची आणि धप्पकन खाली, माझ्या शिलाई मशीनवर. एका संध्याकाळी तुम्ही तिला तसं पडताना पाहिलंत आणि म्हणालात, "फळी मारूक होयी."

कोण मारणार? सुतार खाटेवर. उजवा हात उशीवर ठेवला तर उशीवर, छातीवर ठेवला तर छातीवर. मी म्हटलं, कारखान्यातल्या कोणाला तरी बोलावते, संपानंतर इतकी वर्षं कांजूरमार्गला फर्निचर करत होतात, येईल कोणीतरी. तुम्ही मानच फिरवलीत. दुसरा माणूस तुमच्या घरात हातोडी चालवणार, हे तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, बघू नका असं. मी आयुष्यात कॅलेंडरचा खिळा सोडून काही ठोकलेलं नाही.

तीन रविवार गेले त्यात. पहिल्या रविवारी गजांना बाहेरून जाळी बांधली, कारण तुम्ही म्हणालात, मोकळ्या गजांतून ती सहज जाईल. तार पिळताना हात सोलवटले. दुसऱ्या रविवारी तुम्ही डोळ्यांनी खाटेखाली खूण केलीत आणि मी ती सागवानी फळी ओढून काढली. आठ वर्षं कागदात गुंडाळून ठेवलेली. माझ्या झोपाळ्याची फळी! लग्नात कबूल केला होतात झोपाळा. आधी जागा नव्हती, मग जागा झाली तर कड्या अडकवायला छत चांगलं नव्हतं, मग संप झाला, मग काय नि काय. मी म्हटलं, "अहो, ही माझी आहे." तुम्ही म्हणालात, "तू खंय बसतंस? तुका बसूक येळ खंय आसा?" मी चिडले. मांजरीला झोपाळ्याची फळी आणि बायकोला पायपुसणं. दिवसभर तुमच्याशी बोलले नाही, पण फळी कापली. तुम्ही पेन्सिलने डाव्या हाताने रेघ मारून दिलीत, वाकडीतिकडी, आणि करवत कशी धरायची ते सांगत राहिलात. "दाबू नको. ती आपणच खाता." करवत खरंच आपणच खात होती. पहिल्यांदाच कळलं की लाकूड कापताना वास किती छान येतो. तुमच्या सदऱ्यांना यायचा तो. तेव्हा मी धुवून टाकायची.

फळीच्या पुढच्या बाजूला तुम्ही काठ मारायला लावलात, तीन बोटं उंच. आत गोधडीची घडी बसणार, ती घसरू नये म्हणून. आता गोधडी कोणाची, तर माझ्या आईच्या लुगड्याची. तीही काढून दिली. तोपर्यंत सवय झाली होती.

आणि मग उंचीवरून वाजलं.

तुमचं माप म्हणजे बोटं आणि वीत. पट्टी हत्यारांच्या पेटीत पडलेली असायची, गंजून. मांडणी बसवलीत तेव्हा मी सांगितलं होतं पाच बोटं जागा सोडा, तुम्ही तुमची पाच सोडलीत आणि माझे डबे तिथे आत नाचायला लागले. तुमची चार बोटं म्हणजे माझी पाच, हे मी तेव्हापासून शिकले. तर त्या शनिवारी तुम्ही म्हणालात, फळी चौकटीच्या पट्टीपासून चार बोटं खाली घे. मी म्हटलं, कशाला? पट्टीला लागून सरळ घेऊ, मांजर आरामात बाहेर बघेल. खाली घेतली तर बिचारी खड्ड्यात बसल्यासारखी बसेल.

"चार बोटां खाली घे."

"पण का?"

"मी सांगतंय ना!"

मग तुम्ही डाव्या हाताने खाटेवर थोपटलंत. "हडे ये. हयसून बघ."

मी तुमच्या खाटेपाशी आले नाही. मी म्हटलं, "तिथून बघून काय कळणार मला? मांजर इथं बसणार आहे, तुमच्या उशाशी नाही." गॅसवर दूध होतं. तुम्ही पुन्हा थोपटलंत. मी दुधाकडे गेले.

तेवढे शब्दही तुम्हाला किती जड गेले असतील, ते मला तेव्हाही दिसत होतं. आधीच जीभ वळत नव्हती. आणखी चार शब्द बोलला असतात तर सगळं कळलं असतं. पण तुम्ही धड असतानासुद्धा ते चार शब्द कधी बोलला नाहीत, तर आता कुठून बोलणार? आणि मी धड असून दोन पावलं आले नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मी पदर खोचला, मशीन बाजूला केलं आणि छिन्नी-हातोडी घेतली. लोखंडी कोन बसवायचे, त्यासाठी भिंतीत भोकं पाडून लाकडी गुट्ट्या ठोकायच्या, मग त्यात स्क्रू. सगळं तुम्ही पाठ करून घेतलं होतंत. खरं सांगते, सुरुवात मी तुमच्याच खुणेवर केली. चार बोटं खालीच. पण तिथे काँक्रीटची पट्टी आहे हे तुम्हाला ठाऊक असलं तरी मला नव्हतं. छिन्नी आत जाईना. नुसती ठिणगी उडायची. दहा घाव, वीस घाव, पिठासारखी थोडी पूड. आणि मग छिन्नी सटकली आणि हातोडी सरळ अंगठ्यावर. डाव्या हाताचा अंगठा, नखासकट फुटला. मी ओरडले नाही. तुमच्याकडे पाठ होती माझी, तुम्हाला भिंत दिसत नव्हती. अंगठा तोंडात धरून उभी राहिले आणि मनात तुम्हाला, मांजरीला, वैद्यबाईंना, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग वरती चौकटीच्या पट्टीला लागून छिन्नी लावून बघितली. तिथे विटा होत्या. लोण्यात जावी तशी आत गेली. मी म्हटलं, मरू दे ती चार बोटं.

"किती बोटां?" तुम्ही मागून विचारलंत.

"चार," मी म्हटलं.

फळी बसली. गोधडी घातली. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "घ्या. झकास झालीय की नाही?" तुम्ही बघत राहिलात. फळीकडे बघितलंत, खिडकीकडे बघितलंत, मग मान थोडी उचलायचा प्रयत्न केलात, ती उचलली गेली नाही. पुन्हा विचारलंत, "किती बोटां?" मी म्हटलं, "चार हो, चार. मोजू का तुमच्यासमोर?" बेशरमासारखी. तेव्हा तुमचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. फडकं गुंडाळलं होतं ते लाल झालं होतं.

"हडे ये."

या वेळी आले. तुम्ही डाव्या हाताने माझा हात धरलात, दातांनी फडकं सोडवलंत, अंगठा बघितलात. त्यावर फुंकर घातलीत, वाकड्या तोंडाने, अर्धी हवा बाजूने जात होती. मग म्हणालात, "बरां."

एवढंच. मला वाटलं, चला, सुटले. म्हातारा फसला.

मुकादमिणीने चार दिवस त्या फळीकडे ढुंकून पाहिलं नाही. मी बांगड्याचं डोकं ठेवून बघितलं, तिने डोकं खाली ओढून खाल्लं आणि खाटेखाली गेली. पाचव्या दिवशी कामावरून आले तर बाईसाहेब वर, पाय पोटाखाली घेऊन, जन्मापासून तिथेच असल्यासारख्या. तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दारात पाऊल टाकलं नाही तोच म्हणालात, "बसली!" मी चपला काढायच्या आधी तुम्ही बोललात, हे किती दिवसांनी झालं होतं.

आता दुसरं सांगायचं ते सांगते. हेही कधी सांगितलेलं नाही. भांडुपहून सुटल्यावर स्टेशनातून घरी येताना नाल्यावरच्या पुलावर मी रोज थांबायची. चणेवाला बसतो ना तिथे, त्याच्याकडून एक पुडी घ्यायची आणि कठड्याला टेकून सगळी खायची. एकटीने. घरी आणायची नाही. पाच मिनिटं, कधी सात. घरी गेलं की तुमची चादर, तुमचं भांडं, तुमचं जेवण, मग रात्री अंग चोळणं, ते सगळं सुरू होणार हे माहीत असायचं. तेवढा वेळ मी कोणाची कोणी नसायची. आणि रोज लाज वाटायची. घरात माणूस वाट बघत पडलाय आणि ही चणे खातेय. तोंड पुसून, पदर सारखा करून मगच पुढे यायची.

सुरुवातीला, फळीच्या आधी, एकदा तुम्ही विचारलंतही. "पुलार थांबललंस?" मी चपापले. वाटलं, पेडणेकर काकूंना कोणीतरी सांगितलं आणि त्यांनी तुम्हाला. म्हटलं, "छे, कोण थांबतंय." काकूंशी दोन दिवस तुटक वागले, उगाचच. फळी लागल्यावर तुम्ही ते परत कधी विचारलं नाहीत.

सकाळी निघताना मात्र न चुकता म्हणायचा, "सावकाश ये." आणि मी दर वेळी फटकन बोलायची, "सावकाश कसली येते! उशीर झाला तर तुमचं कोण करणार?"

आणि संध्याकाळची ती "इली." काकू सांगायच्या कौतुकाने. म्हणायच्या, सव्वासहाच्या सुमाराला भावोजी एकदम म्हणतात "इली", आणि खरोखर पाचेक मिनिटांत तू जिन्यात. मला वाटायचं तुम्हाला माझी पावलं कळतात. मला ते आवडायचं. तुम्हाला बोलून नाही दाखवलं.

तुम्ही गेलात त्याबद्दल मी काही लिहीत नाही. सकाळ होती, चहा अर्धा राहिला. तुम्हाला आवडलं नसतं त्यावर बोललेलं.

तर काल. नंदा जाताना म्हणाली, आई, खाट देऊन टाक, तिच्या ओळखीत कोणाला तरी हवी आहे, रविवारी नेतील. आणि मांजरीचं काय करणार, तू दिवसभर कामावर. वैद्यबाईंनीही जिन्यात विचारलं, आता ती ठेवणार का. मी म्हटलं, ठेवणार, आणि वर आले. काल संध्याकाळी खाट पुसायला घेतली. तुम्हाला उठवताना-बसवताना माझी कंबर धरायची म्हणून खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या होत्या, त्या काढायच्या होत्या. पुसून झालं आणि कंबर इतकी दुखायला लागली की मी तशीच आडवी झाले. मेलेल्या माणसाच्या खाटेवर झोपू नये म्हणतात. म्हणू देत. एवढे महिने त्या खाटेशी उभी राहिले, बसलेसुद्धा कडेला, पण त्या उशीवर डोकं कधी टेकलं नव्हतं.

मान उशीवरच्या तुमच्या खड्ड्यात बसली. समोर खिडकी. आणि खिडकीत काय दिसलं? फळीचा काठ. तीन बोटांचा काठ, वर एक बोट गोधडीची घडी, आणि त्याच्यावर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. बाकी काही नाही. मी मान जरा उंच केली, अगदी दोन इंच, जेवढी तुम्हाला करता येत नव्हती तेवढी. तर काठाच्या पलीकडे गल्ली, गल्लीच्या टोकाला नाला, नाल्यावर पूल. कठडा. चणेवाल्याची टोपली.

तीन बोटं काठ, एक बोट गोधडी. चार.

तुमच्याजवळ रोज काकू असायच्या. मग उठून पेडणेकर काकूंचं दार वाजवलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुला ठाऊक आहे."

म्हणाल्या, फळी लागायच्या आधी भावोजी रोज तुला बघायचे. मला सांगायचे, पुलार पोचली, चणे खाता. मी एकदा म्हटलं, भावोजी, सांगू का तिला, लवकर घरी ये म्हणून? तर माझ्यावरच डाफरले. "खावंदे तिका. तेवढोच येळ गावता." तुझी पुडी संपेपर्यंत बघायचे आणि तू तोंड पुसलंस की मग म्हणायचे, इली.

"आणि फळी लागल्यावर?"

"दिसेना त्यांना. मी म्हटलं, तिला सांगते, खाली घेईल. तर म्हणाले, नको. तिचो अंगठो फुटलो." काकूंनी पदर डोळ्याला लावला. "मग मांजरीकडे बघत बसायचे गं. ती वरून तुला बघायची ना, तू बांगड्याची डोकी आणायचीस म्हणून. तू पुलावर आलीस की तिचे कान उभे व्हायचे. पुडी संपवून निघालीस की ती उठून उभी राहायची. की हे म्हणायचे, इली."

अहो, एवढं भांडणारा माणूस. मांडणीच्या एका बोटासाठी आठ दिवस तोंड फुगवून बसणारा माणूस. तुम्ही सात महिने एका मांजरीच्या कानांवरून माझी वाट बघितलीत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी खोटं बोलले हे तुम्हाला त्याच मिनिटाला कळलं होतं. मान उचलायला गेलात, तेव्हाच. आणि तुम्ही माझ्या अंगठ्यावर फुंकर घातलीत.

मला तुमचा राग आलाय, हे ऐकून ठेवा. सांगायचं होतंत. चार शिव्या द्यायच्या होत्यात. मी पुन्हा फोडला असता अंगठा, दहाही बोटं फोडली असती. तुम्ही कोण ठरवणार माझ्या अंगठ्याचं? आणि मी त्या खाटेपाशी दोन पावलं आले नाही, त्याला काय म्हणू? दूध होतं गॅसवर. दूध उतू गेलं असतं तर काय झालं असतं?

आज सकाळी तुमची पेटी काढली. मशीन बाजूला ओढलं, स्क्रू सोडवले, फळी उतरवली. मुकादमीण खाटेवर बसून बघत होती. पट्टीपासून खाली माझी पाच बोटं धरली, पेन्सिलने खूण केली. तुमची चार. तिथे माझे त्या दिवशीचे घाव अजून दिसतात, वीसेक टवके आणि एक तपकिरी डाग. त्यावरच छिन्नी लावली. एका भोकाला पाऊण तास गेला, चार भोकं. दाबू नको, ती आपणच खाते, असं स्वतःला सांगत होते, पण ती करवतीची गोष्ट, छिन्नी काही आपण खात नाही. दोनदा हातोडी निसटली. अंगठा वाचला. दुपारी काकू चहा घेऊन आल्या आणि खालून कोन धरून उभ्या राहिल्या.

सहा वाजता मी हातपाय धुतले आणि खाटेवर जाऊन पडले, मान तुमच्या खड्ड्यात.

सगळं दिसतं हो. गल्ली, नाला, पूल, कठड्याला टेकायची माझी जागा. आमच्या कंपनीतल्या दोन बायकासुद्धा गेल्या पुलावरून, एकीची पिशवी ओळखली मी. सव्वासहा झाले आणि मुकादमिणीचे कान उभे राहिले. ती पुलाकडे बघत होती. सोळा दिवस मी घरातच आहे, रोज तिला खायला घालतेय, तरी सव्वासहाला ती पुलावर मला शोधत होती. मी मागून म्हटलं, "अगो, मी हय आसंय." तिने वळून माझ्याकडे बघितलं, खाटेकडे बघितलं, आणि परत तोंड पुलाकडे केलं. मग मी खूप रडले. इतके दिवस जमलं नव्हतं.

खाट रविवारी जाईल. जाऊ दे. फळी राहणार आहे.

उद्यापासून कामावर जाते. येताना पुलावर थांबणार आहे, पुडी घेणार आहे, आणि कठड्याला पाठ नाही, पोट टेकून उभी राहणार आहे, खिडकीकडे तोंड करून. सगळी पुडी खाणार, सावकाश. तोंड नंतर पुसेन.

फळी चार बोटं खाली घेतली आहे. तुमची चार. या वेळी खरंच घेतली आहे हो.